खंडणी देऊन सोडवलेली अक्षरं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आर्मेनिया हा देश नकाशावर बोट फिरवत शोधावा लागतो. तुर्कस्तान, इराण, जॉर्जिया आणि अझरबैजान या चार शेजाऱ्यांच्या मधोमध तो बसला आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढं, लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एकट्या पुणे शहराएवढी. समुद्रकिनारा नाही. या देशात अरागात्स नावाचा डोंगर आहे आणि त्याच्या उतारावर, आर्ताशावान गावाजवळच्या माळावर, दगडात घडवलेली ३९ अक्षरं उभी आहेत. २००५ साली आर्मेनियन लिपीला सोळाशे वर्षं झाली म्हणून ती उभारली. जिम तोरोस्यान या वास्तुकारानं ती रचली. लोक तिथं सहलीला येतात, आपल्या नावाचं आद्याक्षर हुडकतात आणि त्याला टेकून फोटो काढून घेतात.

राजेमहाराजांचे पुतळे कुठल्याही देशात दिसतात. मुळाक्षरांचे पुतळे उभारणारा देश मात्र मला तरी दुसरा आठवत नाही. राजधानी येरेवानमधल्या मुख्य रस्त्यांपैकी एकाला लिपीकाराचं नाव आहे. देशातल्या सगळ्यात मोठ्या हस्तलिखित संग्रहालाही त्याचंच नाव आहे आणि त्या इमारतीच्या पायऱ्यांवर त्याचाच पुतळा बसलेला आहे. एच्मियाद्झिन इथल्या धर्मपीठाच्या खजिन्यात सोन्याची, रत्नं जडवलेली अक्षरं ठेवली आहेत. हा सगळा प्रकार बाहेरच्या माणसाला जरा अतीच वाटतो. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. मग त्यांचा इतिहास वाचत गेलो, तसा हा सोस कुठून आला ते उमगू लागलं.

परंपरेनुसार आर्मेनियाच्या राजानं इसवी सन ३०१ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्म आला, पण धर्मग्रंथ परक्या भाषांत. कुठं ग्रीक, कुठं सिरियाक. आर्मेनियन ही बोलण्याची भाषा होती, तिला स्वतःची लिपीच नव्हती. चर्चमध्ये वाचन चालायचं ते लोकांना कळायचं नाही, मग कुणीतरी उभं राहून तोंडी अर्थ सांगायचं. ही अडचण आपल्याला अनोळखी नाही. संस्कृतातली गीता मराठीत सांगावी असं ज्ञानेश्वरांना का वाटलं, ते आपण जाणतो. आमच्या घरात कुराण अरबीतून वाचलं जायचं आणि अर्थासाठी मौलवींच्या तोंडाकडे पाहावं लागायचं.

त्यात ३८७ साली राज्याचे दोन तुकडे झाले. रोमन साम्राज्य आणि इराण यांनी आर्मेनिया आपसांत वाटून घेतला. मोठा वाटा इराणकडे गेला. तिकडे आर्मेनियन राजा गादीवर राहिला, पण मांडलिक म्हणून. एका तुकड्यात ग्रीकचं वजन, दुसऱ्यात सिरियाक आणि फारसीचं. असंच चालत राहतं तर दोनतीन पिढ्यांत या लोकांचं काय झालं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको.

अशा वेळी मेस्रोप माश्तोत्स पुढं येतो. तारोन प्रांतातल्या हात्सेकात्स गावचा, जन्म ३६० च्या सुमाराचा. ग्रीक उत्तम शिकलेला, फारसी जाणणारा. राजदरबारात त्यानं चिटणिशी केली, सैन्यातही काही काळ काढला, मग सगळं सोडून भिक्षू झाला आणि खेडोपाडी धर्मप्रचार करत हिंडू लागला. गोग्तन नावाच्या भागात, आजच्या नाखिचेवानमध्ये, त्याला ती अडचण बोचली: आपण सांगतो ते लोकांपर्यंत पोचतं, पण टिकत नाही, कारण ते त्यांच्या भाषेत लिहून ठेवता येत नाही. तो धर्मगुरू सहाक यांच्याकडे गेला. सहाक यांच्याही मनात तेच होतं. दोघं मिळून राजा व्रामशापुहकडे गेले. राजा म्हणाला, दानिएल नावाच्या एका सिरियन बिशपकडे काही अक्षरं आहेत असं मी ऐकलंय. माणूस पाठवून ती अक्षरं आणवली. मुलांना ती शिकवायला सुरुवात झाली. जवळजवळ दोन वर्षं प्रयोग चालला आणि फसला. भाषेतले सगळे आवाज त्या अक्षरांत मावेनात.

हे न मावणं म्हणजे काय, ते मराठी माणसाला चटकन समजेल. ‘चार’ आणि ‘चाक’ हे शब्द मोठ्यानं म्हणून पाहा. दोन्हींत च आहे, पण दोन निराळे च आहेत. ‘जग’ आणि ‘जाळं’ यांतले ज तसेच वेगळे. आपण लिहिताना एकच अक्षर वापरतो आणि उच्चार सवयीवर सोडतो. त्यामुळे बाहेरून आलेला माणूस मराठी वाचताना हमखास अडखळतो. आर्मेनियन भाषेत या दोन्ही तऱ्हा आहेत. शिवाय प्रत्येकीत तीनतीन पायऱ्या आहेत, जशा आपल्याकडे ब, प, फ किंवा ग, क, ख. ग्रीक लिपीत तर च नाही, श नाही, ज नाही. उसन्या अंगरख्यात हे अंग बसणार कसं?

माश्तोत्स काही शिष्य घेऊन निघाला. एडेसा, समोसाता अशा विद्येच्या गावी हिंडला, पंडितांना भेटला आणि आपल्या भाषेतला एकेक आवाज सुटा करत बसला. ४०५ च्या सुमाराला ३६ अक्षरांची लिपी उभी राहिली. समोसातातल्या रुफिनस नावाच्या ग्रीक सुलेखनकारानं तिला वळण दिलं. डावीकडून उजवीकडे लिहायची. स्वरांना सिरियाकसारखं वगळायचं नाही, त्यांचीही स्वतंत्र अक्षरं. प्रत्येक आवाजाला एक अक्षर आणि प्रत्येक अक्षराला एकच आवाज. दोन च, दोन्ही ज आणि त्यांचे सगळे भाऊबंद यांना स्वतंत्र घर मिळालं. पुढं मध्ययुगात ओ आणि फ या आवाजांसाठी आणखी दोन अक्षरं आली. विसाव्या शतकात एक जोडाक्षर मोजणीत धरलं गेलं, म्हणून माळावर ३९ उभी आहेत. बाकी ३६ अक्षरं सोळाशे वर्षं जागची हललेली नाहीत. त्या काळी किती लिप्या ‘केल्या’ गेल्या असतील. पहिल्याच फटक्यात इतकी नेमकी बसलेली विरळाच. माश्तोत्सचा कान कवीचा असला पाहिजे, असं मला आपलं वाटतं.

कोर्यून नावाच्या त्याच्या शिष्यानं गुरूचं चरित्र लिहिलं आहे. नव्या लिपीत मुळातून लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत ते मोडतं. अक्षरं घेऊन माश्तोत्स परत आला तेव्हा राजा आणि प्रजा नदीकाठापर्यंत सामोरी गेली, असं तो सांगतो. आणि गुरूची तुलना करतो ती सिनाई पर्वतावरून ईश्वरी आज्ञा घेऊन उतरणाऱ्या मोझेसशी, आमच्या भाषेत मूसाशी. यावरून त्या लोकांना काय मिळाल्यासारखं वाटलं असेल त्याची कल्पना यावी.

वर्णमालेची रचनाही सहेतुक आहे. पहिलं अक्षर देव या शब्दाचं आद्याक्षर आहे आणि मूळच्या छत्तीसांतलं शेवटचं ख्रिस्ताच्या नावाचं. शिवाय प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत आहे: पहिली नऊ अक्षरं एकक, पुढची नऊ दशक, मग शतक, मग हजार. छत्तीसावं अक्षर म्हणजे नऊ हजार. आपल्याकडचे आकडे पोचेपर्यंत हिशेब, सनावळ्या, थडग्यांवरच्या तारखा सगळं या अक्षरांतच चालायचं. पहिल्या दोन अक्षरांची नावं आइब आणि बेन, म्हणून वर्णमालेला म्हणतात आइबुबेन. आमच्या अलिफ-बे सारखंच. लिपीला शब्द आहे गिर आणि पुस्तकाला गिर्क.

तिथल्या मुलांचा अक्षरओळखीचा सोहळाही पाहण्यासारखा असतो. पहिलीच्या वर्गातलं अंकलिपीचं पुस्तक संपलं की शाळेत समारंभ होतो. पुष्कळ शाळा मुलांना ओशाकान गावी नेतात. माश्तोत्स ४४० साली वारला आणि त्याला तिथं पुरलं. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या शिक्षकाच्या कबरीपुढं सहा-सात वर्षांची मुलं उभी राहतात. आपल्याकडे दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढतात, आमच्यात चार वर्षं, चार महिने, चार दिवसांच्या मुलाची बिस्मिल्ला करतात. पण आपल्या ‘ग म भ न’चा कर्ता कोण, हे आपल्याला ठाऊक नाही. देवनागरी हळूहळू घडत गेली, तिला जन्मदिवस नाही. आर्मेनियन मुलाला कर्त्याचं नाव, गाव आणि कबर सगळं दाखवता येतं.

लिपी झाल्यावर पहिलं काम कुठलं, तर भाषांतराचं. पहिलं वाक्य उतरवलं ते बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकातलं, ज्ञानाविषयीचं. पुढच्या काही दशकांत अवघं बायबल आर्मेनियनमध्ये आलं. शिष्यांना एडेसाला, कॉन्स्टँटिनोपलला धाडलं, मूळ पोथ्या आणवल्या, पहिलं भाषांतर पुन्हा तपासलं. माश्तोत्स स्वतः रोमन हद्दीत जाऊन सम्राट दुसरा थिओडोसियस याची परवानगी घेऊन आला आणि सीमेपलीकडच्या आर्मेनियन मुलांसाठीही शाळा काढल्या. फाळणीच्या दोन्ही बाजूंना एकच लिपी गेली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण ४२८ साली इराणनं उरलासुरला राजाही गादीवरून काढला. लिपी तयार झाली तेव्हा राज्याचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षंच शिल्लक होतं.

या भाषांतरकारांना आर्मेनियन चर्चनं संतपद दिलं. दर ऑक्टोबरात पवित्र भाषांतरकारांचा सण असतो. आपल्याकडे भाषांतरकाराचं नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलं तरी पुष्कळ झालं! त्यांच्या कामाचा फायदा साऱ्या जगाला झाला. युसेबियस या इतिहासकाराचा कालवृत्तान्त, फायलो या तत्त्वज्ञाचे काही ग्रंथ मूळ ग्रीकमध्ये हरवले, ते आज आर्मेनियनमधून वाचावे लागतात.

आता पोथ्यांविषयी. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत हलवून टाकणारी गोष्ट वाटते ती हीच. जुन्या आर्मेनियन पोथीच्या शेवटी लेखनिकाची एक नोंद असते. कुठं, कुणासाठी, कोणत्या साली लिहिली, त्या वर्षी थंडी किती होती, सैन्य कुठवर आलं होतं, शाई कशी गोठली, हात कसे थकले. आणि वाचणाऱ्यानं आपल्यासाठी प्रार्थना करावी अशी विनंती. अशा हजारो नोंदी आहेत आणि इतिहासकारांना त्या सोन्यासारख्या वाटतात. पोथी हातोहात जाई तशी नव्या मालकाची नोंद खाली पडे. त्यात एक वाक्प्रयोग वारंवार येतो. लुटीत पोथी गेली तर ती ‘कैदेत पडली’ असं लिहितात. आणि कुणी पैसे मोजून ती परत मिळवली तर तिला ‘सोडवून आणली’ असं लिहितात. माणसाला खंडणी देऊन सोडवतात तसं. गावच्या लोकांनी वर्गणी काढून, घरातला ऐवज मोडून पोथ्या सोडवल्या आहेत. नारेक गावच्या ग्रिगोर या संतकवीचं हजारेक वर्षांपूर्वीचं प्रार्थनांचं पुस्तक तर घराघरांत आजारी माणसाच्या उशाखाली ठेवलं जाई. वाचता येवो न येवो.

मूश इथल्या प्रवचनांच्या पोथीची गोष्ट प्रसिद्ध आहे. १२०० ते १२०२ या काळात लिहिलेली ही पोथी चामड्याच्या पानांची, वजन २८ किलोच्या आसपास. १९१५ साली ऑटोमन सरकारनं आर्मेनियनांच्या कत्तली आणि हद्दपारी सुरू केली. त्या वर्षी २४ एप्रिलला इस्तंबूलमध्ये आधी धरले ते त्यांचे लेखक, संपादक, शिक्षक आणि पुढारी. दानिएल वारुझान आणि सियामान्तो हे दोन मोठे कवी त्यांतच गेले. एकूण मृतांचा आकडा इतिहासकार दहा लाखांच्या पुढं नेतात. त्या धामधुमीत दोन बायकांना ही पोथी सापडली, असं सांगतात. एकटीला उचलेना, म्हणून दोघींनी तिचे दोन भाग केले आणि पाठीवर बांधून चालू लागल्या. एकीनं आपला भाग एच्मियाद्झिनला पोचवला. दुसरी वाटेत वारली, पण मरण्याआधी तिनं आपला भाग एर्झुरूमच्या एका मठाच्या आवारात पुरून ठेवला. तो पुढं एका लष्करी अधिकाऱ्याला सापडला. आज दोन्ही भाग येरेवानच्या मातेनादारान या संग्रहात एकत्र आहेत. तिथं पोथ्या आणि पोथ्यांचे तुकडे मिळून सुमारे २३ हजार ऐवज आहे.

१९१५ विषयी मुसलमान म्हणून बोलताना मला आडपडदा ठेवायचा नाही. ज्या सत्तेनं हे केलं ती स्वतःला खिलाफत म्हणवत होती. आणि सीरियाच्या वाळवंटात या निर्वासितांना पाणी, भाकरी आणि आसरा देणाऱ्यांत अरब मुसलमान शेतकरी, धनगर होते. मक्केचे शरीफ हुसेन यांनी १९१७ साली आर्मेनियनांचं रक्षण करा असं आपल्या सरदारांना लेखी कळवलं. यांतली एक बाजू सांगून दुसरी गाळणं मला पटत नाही.

लिपी असली की लोक वाचतात, असं मात्र नाही. कोर्यूनच्या सांगण्यानुसार माश्तोत्सनं शेजारच्या दोन लोकांसाठीही लिप्या केल्या, एक जॉर्जियन आणि एक अल्बेनियन. जॉर्जियन विद्वानांना ही गोष्ट मान्य नाही, त्यांची लिपी त्यांचीच. हा अल्बेनिया युरोपातला नव्हे, कॉकेशस डोंगरातला, आजच्या अझरबैजानच्या जागेवरचा. त्या लोकांचं राज्य गेलं, बहुतेकांनी धर्म बदलला, भाषा बदलली आणि लिपी इतकी विसरली गेली की तिचं एकही पान हाती नव्हतं. १९३७ साली एका जॉर्जियन पंडिताला एका आर्मेनियन पोथीत तिची नुसती वर्णमाला सापडली. पुढं सिनाईच्या मठात खरवडून पुन्हा वापरलेली चामड्याची पानं मिळाली. वर जॉर्जियन मजकूर होता आणि पुसलेल्या खालच्या ओळी अल्बेनियन निघाल्या. आज त्या भाषेची दूरची लेक म्हणता येईल अशी उदी भाषा काही हजार लोक बोलतात.

या मेलेल्या लिपीवरून आज जिवंत भांडण आहे. अझरबैजानमधल्या बऱ्याच जुन्या चर्चच्या भिंतींवर आर्मेनियन अक्षरांत लेख कोरलेले आहेत. तिथल्या सरकारचं म्हणणं असं की ही चर्च मुळात अल्बेनियन, आर्मेनियन लेख मागाहून घुसडले. २०२२ च्या फेब्रुवारीत तिथल्या संस्कृती मंत्र्यांनी असे ‘बनावट’ लेख काढून टाकण्यासाठी गट नेमल्याचं जाहीर केलं. जगभरातून ओरड झाल्यावर खात्यानं सारवासारव केली. नाखिचेवानमधल्या जुल्फा गावच्या कबरस्तानात नक्षीदार क्रूस कोरलेल्या हजारो शिळा होत्या, कित्येकांवर मृताचं नाव आणि अक्षरांत लिहिलेलं साल. डिसेंबर २००५ मध्ये सैनिक त्या शिळा फोडत असल्याचं पलीकडच्या इराणी किनाऱ्यावरून चित्रित केलं गेलं. अझरबैजान सरकार हे नाकारतं. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नागोर्नो काराबाखमधून एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोक आठवडाभरात निघून गेले. गांदझासारसारख्या मठांच्या भिंतींवरचे लेख मागं राहिले. ते वाचणारं गाव आता तिथं नाही.

याच जुल्फाचा आपल्याशीही एक संबंध आहे. १६०४-०५ च्या सुमाराला इराणच्या शाह अब्बासनं तिथल्या आर्मेनियन व्यापाऱ्यांना उठवून इस्फहानजवळ वसवलं. त्या वस्तीचं नाव नवं जुल्फा. इराणमध्ये छापलेलं पहिलं पुस्तक फारसी नव्हतं, ते १६३८ साली या नव्या जुल्फातल्या छापखान्यात निघालेलं आर्मेनियन स्तोत्रांचं पुस्तक होतं. इथले व्यापारी सुरत, आग्रा, मद्रास, कलकत्ता असे पसरले. मुंबईत फोर्ट भागात मेडोज स्ट्रीटला त्यांचं १७९६ चं चर्च आहे. तिथून जाणाऱ्या किती जणांनी मान वर करून पाहिलंय, कोण जाणे.

जिथं गेले तिथं त्यांनी अक्षरं नेली. पहिलं आर्मेनियन पुस्तक १५१२ साली व्हेनिसला छापलं, पहिलं बायबल १६६६ साली ॲमस्टरडॅमला. आणि जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक निघालं ते आपल्या मद्रासमध्ये, १७९४ साली. त्याचं नाव ‘आझदारार’. काढणारे हारुत्यून श्माव्होन्यान हे शिराझमध्ये जन्मलेले धर्मगुरू. दोन मुलं लागोपाठ वारली, तेव्हा ते काही वर्षं दरवेशांच्या सहवासात फारसी शिकत राहिले, असं त्यांच्याविषयी सांगतात. ‘आझदारार’ दीड वर्ष चाललं. त्यात मालाचे भाव असत, जहाजांच्या बातम्या असत, पंचांगही असे. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं १८३२ साली. म्हणजे तिथून हजारो किलोमीटरवरच्या एका भाषेचं नियतकालिक आपल्या भूमीवर मराठीच्या आधी अडतीस वर्षं छापलं जात होतं. त्याच मद्रासमध्ये शाहामीर शाहामिर्यान या व्यापाऱ्याच्या छापखान्यानं १७७० च्या दशकात स्वतंत्र आर्मेनियाच्या राज्यघटनेचा आराखडा छापला. देश नव्हता, सैन्य नव्हतं, तरी टाइपाचे खिळे जुळवून घटना तयार!

भाषा सुटली तरी लिपी सुटत नव्हती, हे आणखी नवल. पोलंडच्या राज्यात, आजच्या युक्रेनमधल्या ल्विव्ह आणि कामेनेत्समध्ये राहणारे आर्मेनियन सोळाव्या-सतराव्या शतकांत घरी किपचाक बोलत. ही तुर्की कुळातली भाषा. पण खटले, दस्तऐवज, प्रार्थना ते लिहीत आर्मेनियन लिपीत. १६१८ साली ल्विव्हला किपचाक भाषेतलं प्रार्थनेचं पुस्तक आर्मेनियन टाइपात छापलं. योगायोग असा की दोनच वर्षं आधी, १६१६ मध्ये, गोव्यात राशोल इथं फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण मराठी भाषेत आणि रोमन अक्षरांत छापलं गेलं होतं. इस्तंबूलमध्येही हजारो आर्मेनियन घरांत तुर्कीच बोलत आणि ती आपल्या अक्षरांत लिहीत. १८५१ साली वार्तान पाशानं लिहिलेली ‘अकाबी हिकायेसी’ ही प्रेमकथा पुष्कळ अभ्यासक तुर्की भाषेतली पहिली कादंबरी मानतात. ती छापली होती आर्मेनियन लिपीत, म्हणून तुर्की वाङ्मयाच्या इतिहासकारांना ती कितीतरी वर्षं दिसलीच नाही.

भाषा एका धर्माची, लिपी एका धर्माची असं पक्कं मानणाऱ्यांनी हा प्रकार जरूर पाहावा. मला आजही सभेनंतर कुणीतरी कौतुकानं विचारतं, ‘तुम्ही मराठीत कसं काय लिहिता?’ श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना चारशे वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणी विचारला असेल का, असं मनात येतं. आर्मेनियनांनी तर लिपीला धर्मापेक्षाही घट्ट धरलं आणि तिच्यात शेजाऱ्यांच्या भाषाही खुशाल लिहिल्या.

विसाव्या शतकात परीक्षा आली ती वेगळ्या दिशेनं. सोव्हिएत राजवटीत १९२० च्या दशकात अनेक भाषांची अरबी लिपी जाऊन रोमन आली आणि तिसाच्या दशकाच्या अखेरीस रोमन जाऊन रशियन सिरिलिक. आजोबांची पत्रं नातवाला वाचता येऊ नयेत अशी ती व्यवस्था झाली. आर्मेनियन आणि जॉर्जियन या दोन लिप्या मात्र शाबूत राहिल्या. पण १९२२ मध्ये आर्मेनियन शुद्धलेखन बदललं. अक्षरं तीच, शब्दांत ती बसवायची रीत नवी. १९४० मध्ये थोडी माघार घेतली गेली. देशाबाहेर विखुरलेल्या आर्मेनियनांनी, म्हणजे बैरूत, हलब, पॅरिस, लॉस एंजेलिसमधल्या लोकांनी, हा बदल आजवर मानलेला नाही. ते जुन्याच पद्धतीनं लिहितात आणि तिला माश्तोत्सची पद्धत म्हणतात. शिवाय पश्चिमेकडच्या आणि पूर्वेकडच्या आर्मेनियनचा उच्चार मुळात निराळा आहे. एक जण ज्याला प वाचतो त्याला दुसरा ब वाचतो, एकाचा क दुसऱ्याचा ग. ऱ्हस्व-दीर्घावरून आपण किती भांडतो! इथं तर शब्दाचं पहिलं अक्षरच बदलतं.

२०११ नंतर सीरियातल्या युद्धामुळे हजारो आर्मेनियन कुटुंबं हलब सोडून येरेवानला आली. स्वतःच्या भाषेच्या देशात आली आणि मुलांना शाळेत फळ्यावरचं शुद्धलेखन परकं वाटू लागलं. आताशा तरुण मंडळी फोनवर रोमन अक्षरांतही आर्मेनियन लिहितात. आपली मुलं मराठी लिहितात तशीच. त्यावरून तिकडचे शिक्षक रागावतात, तेही आपल्याच शिक्षकांसारखं. २०१९ मध्ये युनेस्कोनं आर्मेनियन अक्षरकलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, पण शुद्धलेखनाचा तंटा युनेस्कोला सोडवता येण्यातला नाही.

या तंट्याची मासलेवाईक तऱ्हा म्हणजे १५१२ साली व्हेनिसला पहिलं पुस्तक छापणारा तो मुद्रक. येरेवानमध्ये त्याला हाकोब मेग़ापार्त म्हणतात, बैरूतमध्ये हागोप मेग़ाबार्द. मधला ग़ आपल्या ‘ग़ालिब’मधला. आडनावाचा अर्थ ‘अपराधी’ किंवा ‘पापी’, ते त्यानं विनयानं घेतलं असावं. त्याच्या नावाचं पहिलं अक्षर जुन्या शुद्धलेखनात एक आणि नव्यात दुसरं. त्यामुळे येरेवानच्या ग्रंथालयाच्या सूचीत तो एका अक्षराखाली सापडतो आणि बैरूतच्या सूचीत त्याच माणसाला दुसऱ्या पानावर शोधावं लागतं.